देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, मग प्रार्थना कशासाठी?

सीनाकाठ (धागाकर्ती)

सलाम मंडळी. हे लिहू की नको, असं दोन महिने चाललं होतं. शेवटी आज बसलेच.

आमचं घर नगरकडचं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. पणजी बायबलबाई होती, पायी गावोगाव हिंडून शुभवर्तमान सांगायची. जेवणाआधी प्रार्थना, एसटीत बसण्याआधी प्रार्थना, शेळी व्यायला झाली तरी प्रार्थना. अशा घरात वाढल्यामुळे वयाच्या ४२व्या वर्षापर्यंत 'प्रार्थना कशासाठी' हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मग पप्पांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, असे १४ महिने. आईची एक दोनशेपानी वही आहे. पुढून प्रार्थनेच्या विनंत्या, मागून दुधाचा हिशेब. पुढच्या बाजूला नाव, तारीख, काय मागितलं ते, आणि उत्तर मिळालं की कडेला लाल पेनाने बारीकसा क्रूस. त्या १४ महिन्यांत दर नव्या पानावर पहिलं नाव पप्पांचंच आहे. पहाटे चारला उठून ती खाटेशेजारी गोधडीची घडी टाकून गुडघे टेकायची. गुडघ्यांवर घट्टे पडलेत, अजून आहेत.

गेल्या जूनमध्ये पप्पा गेले. मातीनंतर आठवड्याने एक गृहस्थ सांत्वनाला आले. चांगली अर्धा तास प्रार्थना केली आणि निघताना चपला घालता घालता आईला म्हणाले, "बाई, कुठेतरी विश्वास कमी पडला." आई काही बोलली नाही. त्यांना चहा मात्र दिला होता.

तेव्हापासूनची गोष्ट. रात्री कुटुंबप्रार्थनेला ती आमच्यात बसते, प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणते, पण "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या ओळीला तिचे ओठ मिटतात. "आमची रोजची भाकर"पासून पुन्हा सुरू. आधी मला वाटलं, दम लागला असेल. पण आता आठ महिने झाले, रोज तिथेच.

तर विचारायचं आहे ते हे. 'तुम्ही मागण्याआधीच तुमचा पिता तुमच्या गरजा जाणतो' असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूच म्हणतो. मग मागायचं कशाला? आणि त्याचं ठरलेलं बदलणार नसेल, तर आईच्या त्या १४ महिन्यांच्या पहाटा कशासाठी होत्या? कृपा करून उपदेश नको. तुम्ही स्वतः का प्रार्थना करता, तेवढं सांगा.

रात्रपाळी

सीनाकाठ, वाचून गलबलून आलं. मोठं उत्तर सवडीने लिहीन, पण त्या गृहस्थांच्या वाक्याचं आधी बघू, कारण ते वाक्य आईच्या घशात अडकलंय असं मला वाटतं.

प्रेषित पौलाच्या शरीरात 'काटा' होता. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" असं उत्तर आलं (२ करिंथ १२). पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? याच पौलाने त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेताला आजारी असतानाच मागे ठेवलं, तसं त्याने तीमथ्याला कळवलंय. आणि जन्मांधाला बघून शिष्यांनी "पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?" म्हणून विचारलं, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारलं. आईला हे तीन उतारे वाचून दाखवा. बाकी काही बोलू नका.

जिवंत साक्ष

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. माझं मत इथे कदाचित रुचणार नाही, तरी लिहितो.

हल्ली सुशिक्षित ख्रिस्ती लोक 'प्रार्थनेने देव बदलत नाही, आपण बदलतो' असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मग ते नुसतं मन शांत करणं झालं. प्रभूने "मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल" असं सांगितलंय. मध्यरात्री मित्राचं दार ठोठावून तीन भाकरी मागणाऱ्याचा दाखला दिलाय, अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेचा दिलाय. ही दोन्ही माणसं पदर पसरून, नेटाने मागतात. याकोबाच्या पत्रात तर आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं सरळ लिहिलंय.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना मेंदूज्वराने बेशुद्ध होती. आमच्या मंडळीने तीन दिवस उपवास-प्रार्थना केली. चौथ्या दिवशी तिने "पाणी" म्हटलं. ती आता बारावीला आहे. मी प्रार्थना का करतो, तर तो ऐकतो आणि करतो म्हणून.

अंकगणित

मी ख्रिस्ती नाही, खरं तर कुठल्याच देवाला मानत नाही. पण प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून लिहितोय, कुणाला दुखवायला नाही.

यावर मोजमाप झालेलं आहे. २००६ साली अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या १८०२ बायपास रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन गट केले होते. पहिल्या दोघांना 'तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही' एवढंच सांगितलं, त्यातल्या एका गटासाठी ती झाली. तिसऱ्या गटाला 'नक्की होणार' असं सांगितलं आणि केली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या दोन गटांत अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. 'नक्की होणार' हे ठाऊक असलेल्यांत मात्र ५९ टक्के. 'माझी अवस्था इतकी वाईट आहे की काय' या धास्तीने तसं झालं असावं, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला.

मुलगी बरी झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण बऱ्या होणाऱ्यांच्याच साक्षी ऐकू येतात. धागाकर्तीच्या वडिलांसारख्यांची साक्ष कोण देणार?

जिवंत साक्ष

अंकगणित, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी दिवसभर विचार करतोय.

एक गोष्ट मी साक्षीत कधी सांगत नाही. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, पाच-सहा वर्षांचा. त्याची आईसुद्धा प्रार्थना करायची, माझ्यापेक्षा जास्त. आमची मुलगी शुद्धीवर आली त्याच रात्री तो गेला. आम्ही डिस्चार्ज घेऊन निघालो तेव्हा त्या खाटेवर दुसरा पेशंट होता.

मी त्या बाईसमोर माझी साक्ष देऊ शकलो नसतो. माझा विश्वास अजून तोच आहे, पण वर लिहिलेलं अपुरं होतं हे मान्य करतो. ताई, आईंना माझा सलाम सांगा.

निवृत्त पाळक

सलाम मुली. ३६ वर्षं पाळकी केली. या प्रश्नाला मी अनेक घरांत अनेक उत्तरं दिली, त्यातली काही आज आठवली तरी वाईट वाटतं. उपदेश नको म्हणालीस, म्हणून जे मला स्वतःला धरून ठेवतं तेवढंच लिहितो. लांबेल, सांभाळून घे.

आधी अंकगणित यांनी सांगितलेल्या अभ्यासाबद्दल. मी त्याबद्दल पूर्वी वाचलं होतं. त्यात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होवो, लवकर बरं वाटो, गुंतागुंत न होवो, एवढं १४ दिवस मागायला सांगितलं होतं. त्यांनी ते मनापासूनच केलं असेल. पण औषधाचा डोस मोजावा तशी मोजलेली ती प्रार्थना होती. तुझ्या आईने गोधडीवर गुडघे टेकून केलं ते वेगळं आहे. तिला त्या माणसाचा खोकला ठाऊक होता, तो कोणत्या कुशीवर झोपतो ते ठाऊक होतं. आकड्यांवर माझा राग नाही. जे मोजलं ते बरोबर मोजलं असेल. फक्त पोरगं रात्री आईला हाक मारतं, तेव्हा त्या हाकेचा उपयोग किती टक्के झाला, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नाही.

आता तुझा प्रश्न. तो सोळाशे वर्षं जुना आहे आणि एका विधवेनेच विचारलेला आहे. ४१० साली रोम लुटलं गेलं. त्यानंतर प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा रोम सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आली. प्रार्थना कशी करावी, असं तिने तिथल्या बिशपला, ऑगस्टीनला, विचारलं. त्याने तिला लांबलचक पत्र लिहिलं. देवाला आपल्या गरजा आधीच ठाऊक आहेत हा मुद्दा त्याने टाळला नाही. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण मागत नाही. तो जे देऊ पाहतो ते फार मोठं आहे आणि आपली ओंजळ लहान आहे. मागता मागता आपली आस वाढते, ओंजळ मोठी होते.

पण मला त्या पत्रातला पुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. 'प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही', हे रोमकरांस पत्रातलं वाक्य तो घेतो आणि म्हणतो की हे न कळणं सर्वात जास्त दुखण्या-संकटात होतं. दुखणं जावं असं मागणं हा मनुष्यस्वभाव आहे, ते मागावंच. आणि ते गेलं नाही, तरी आपल्याला देवाने टाकलं असं समजू नये. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दुसऱ्या बाजूने तेच मांडलं: देवाचं ठरलेलं बदलावं म्हणून आपण मागत नाही, तर जे आपल्या मागण्यातूनच यावं असं त्याने ठरवलंय, ते यावं म्हणून मागतो. पेरणी केल्याशिवाय पीक नाही, आणि पेरणी केली म्हणून पाऊस आपल्या हातात नाही. नगरकडच्या लेकीला हे मी काय समजावू?

आता आईच्या त्या ओळीबद्दल. हीच ओळ प्रभूच्या तोंडी पुन्हा कुठे येते? वधस्तंभाच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत. आपण लोक त्या प्रसंगातलं दुसरं वाक्य लगेच म्हणून टाकतो. पहिलं वाक्य "होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो" हे आहे. आधी त्याने मागितलं. पालथं पडून मागितलं. आणि मत्तय लिहितो की त्याने तीनदा, तेच शब्द बोलून प्रार्थना केली. प्रत्यक्ष पुत्राला जे एका दमात म्हणून संपवता आलं नाही, ते तुझ्या आईने आठ महिन्यांत म्हणून टाकावं अशी घाई कुणाला आहे? मला तर नाही. देवालाही नसावी.

तिला ती ओळ म्हणायला सांगू नकोस. प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' हा शब्द एकदाही नाही, हे पाहिलंस का? "आमच्या पित्या", "आमची भाकर", "आमची ऋणे", "आम्हांला सोडव". ज्याला ज्या दिवशी जी ओळ जमत नाही, ती बाकीच्यांनी त्याच्यासाठी म्हणायची. म्हणून तर ती एकत्र म्हणायची.

मोगरा वसई

पाळकसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदावरून आमच्या घरची रोझरी आठवली. आम्ही वसईचे कॅथलिक. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की सगळे क्रूसासमोर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रोझरीत नमो मारियेची प्रार्थना दोन भागांत म्हणतात. एकाने अर्धी सुरू करायची, बाकीच्यांनी मिळून उरलेली अर्धी पुरी करायची. एका रोझरीत ५० वेळा असं होतं. लहानपणी मला ते कंटाळवाणं वाटायचं, पेंगायला व्हायचं, मग आजी कोपराने ढोसायची.

आजोबा गेले त्या रात्री सुरुवात करायची पाळी आजीची होती. तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. काका काही न बोलता सुरू झाले, तिने उरलेली अर्धी धरली. प्रार्थना दोन माणसांत वाटून का ठेवली असेल, ते मला त्या रात्री समजलं.

आणखी एक. आजीच्या तरुणपणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये असायची, मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात. म्हणजे निम्मं आयुष्य तिने न कळणाऱ्या भाषेत देवासमोर काढलं. मी एकदा विचारलं, "आजी, तुला काय कळायचं?" तर म्हणाली, "त्याला कळायचं ना." मी प्रार्थना करते ती त्याच्यासमोर बसायला मिळतं म्हणून. मागण्याची यादी असतेच, पण ती संपल्यावरही उठावंसं वाटत नाही.

चंद्रभागा

आम्ही वारकरी, घरात तीन पिढ्यांची माळ. हा धागा कालपासून वाचतेय, राहवलं नाही.

आमच्याकडे तुकोबा विठ्ठलाशी चक्क भांडतात. रुसतात, टाकून बोलतात, उसनवारीचा हिशेब मागतात. त्याने भक्ती उणी होत नाही, उलट जवळिकीची ती खूण आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत असं भांडण चालतं का? की देवासमोर नेहमी नम्रच असावं लागतं? धागाकर्तीच्या आईंचं ते ओठ मिटून घेणं मला भांडणच वाटलं, आणि फार खरं वाटलं.

सीनाकाठ (धागाकर्ती)

चंद्रभागाताई, मी हे कधी असं पाहिलंच नव्हतं. आई देवाशी भांडतेय! ती तर आम्हालाही कधी मोठ्याने बोलली नाही.

निवृत्त पाळक

चालतं, चंद्रभागाताई. नुसतं चालत नाही, पवित्र शास्त्रात छापलेलं आहे. १५० स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं ढिगाने सापडतील. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, आणि प्रभूने वधस्तंभावर तेच उच्चारलं. त्या स्तोत्राचा शेवट निदान स्तुतीत होतो. ८८वं मात्र अंधारातच संपतं, आशेची एक ओळ शेवटी नाही. ते संकलनातून कुणी वगळलं नाही, याचं मला ऐन पाळकीत फार बळ वाटायचं. ईयोब तर अख्खं पुस्तकभर देवाला जाब विचारतो, आणि अखेर देव रागावतो तो ईयोबावर नाही, देवाची वकिली करणाऱ्या त्याच्या मित्रांवर.

सांत्वनाला आलेल्या त्या गृहस्थांनी हा शेवटचा अध्याय एकदा वाचायला हवा.

आणि तुकोबांचं आमच्यावर ऋण आहेच. आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं सांगायचे. मराठी मंडळ्यांत आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. इंग्रजी चालीच्या गीतांत जे बोलता येत नाही ते आमच्या म्हाताऱ्या बायका त्या भजनांत बोलतात.

रात्रपाळी

सवडीने लिहीन म्हटलं होतं, आज सुट्टी आहे.

मी नर्स आहे, २२ वर्षं झाली. पेशंटने किंवा नातेवाइकांनी स्वतःहून म्हटल्याशिवाय मी त्यांच्यासमोर प्रार्थना करत नाही. मनात मात्र करते, दर खाटेपाशी, सलाईनचे थेंब मोजताना. दोन-तीन शब्दांची असते, त्यापेक्षा वेळच नसतो. त्याने काय होतं? एक तर मी त्या माणसाकडे नीट बघते. प्रार्थनेत नाव घेतलेल्या पेशंटला 'सात नंबर' म्हणता येत नाही. रात्री तीनला त्याने चौथ्यांदा बेल दाबली तरी जाते. माझ्या बाबतीत 'आपण बदलतो' चा अर्थ एवढाच आहे.

माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, दुष्काळातली पोर. रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे, असं विचारलं तेव्हा ७० जणी पुढे आल्या, पुढे त्या शेकड्यांनी वाढल्या. त्या वर्षी तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला वेगळंच सांगायचंय. याच मुली माग चालवायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या, शेतात राबायच्या. गुडघे टेकणं आणि हात चालवणं वेगवेगळं नव्हतं.

आणि त्या रमाबाईंची एकुलती एक मुलगी, मनोरमाबाई, १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली. रमाबाईंनी लेकीसाठी प्रार्थना केली नसेल? पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याही गेल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं मराठी बायबल त्या शेवटपर्यंत सोडून उठल्या नाहीत. ते छापून आलं १९२४ ला. सीनाकाठ, हे आईला सांगा. तिचा विश्वास कमी पडला असेल तर रमाबाईंचाही पडला म्हणायचा.

अंकगणित

मी माझ्या मतावर ठाम आहे, पण एक कबूल करायचंय. २०२१ मध्ये बाबा ऑक्सिजनवर होते आणि आत सोडत नव्हते. बाहेर फुटपाथवर एक ख्रिस्ती कुटुंब हात धरून बसायचं, रोज ठरावीक वेळी. मी मोबाइलवर ऑक्सिजनचे आकडे रिफ्रेश करत बसायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा. चौथ्या दिवशी त्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी "तुमच्या वडिलांचं नाव काय?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते नाव त्यांनी मराठीत, साध्या आवाजात, त्यांच्या पेशंटच्या नावाच्या पुढे जोडलं.

बाबा वाचले नाहीत. पण त्या दिवसांत त्यांचं नाव माझ्याखेरीज आणखी कुणाच्या तरी तोंडी होतं. मला ते हवं होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

सीनाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार कसे मानू. अंकगणित, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. खरं तर सगळाच धागा दाखवला, दोन रात्री लागल्या. त्रफिमाचं तिला ठाऊकच नव्हतं. "अगं हे आपल्याच पुस्तकात होतं," असं दोनदा म्हणाली आणि चष्मा लावून तो उतारा स्वतः शोधून काढला. ८८वं स्तोत्र तिने मला वाचू दिलं नाही, स्वतः वाचलं, मनात. रमाबाईंच्या लेकीपाशी रडली. पप्पा गेल्यावर पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं.

काल रात्रीचं सांगते. कुटुंबप्रार्थनेला भावाची मुलगी होती, सात वर्षांची. शब्बाथ शाळेत प्रभूची प्रार्थना नुकतीच पाठ झालीय, त्यामुळे सगळ्यांच्या पुढे, टिपेच्या आवाजात. ती ओळ आली. आई थांबली, नेहमीसारखी. पोरीने ते पाहिलं आणि आजी विसरली असं वाटून तिच्या कानाशी तोंड नेऊन पूर्ण ओळ म्हटली. आई तिच्याकडे बघत राहिली. आम्ही सगळे थांबलो होतो. मग तिने पोरीचा हात मांडीवर घेतला आणि "आमची रोजची भाकर" सुरू केली.

ओळ ती अजून म्हणालेली नाही.

आज सकाळी वही काढून बसली होती. मी चहा घेऊन गेले तर विचारते, "त्या आकडेवाल्या पोराचं नाव काय गं?" मी म्हटलं, इथे खरी नावं नसतात. थोडा वेळ पेन हातात धरून बसली. मग लिहिलं: 'अंकगणित, आणि त्याचे बाबा.' बाबांसाठी काही मागितलं नाही, आपल्यात गेलेल्यांसाठी मागत नाहीत. नुसतं नाव लिहिलं. खाली 'जिवंत साक्ष यांची मुलगी, बारावी', आणि त्याखाली 'शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई'. तारीख घातली. मग मला म्हणाली, उद्या पहाटे गजर लाव, चारचा.